पाहुण्याला येऊ देणार नाही

माझ्या आत्याला कुजबुजता येत नाही. म्हणजे ती कुजबुजते, पण ती कुजबुज पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते. माझ्या लहानपणी ती बाबांच्या कानात आईबद्दल काहीबाही सांगायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "वन्सं, ऐकतेय बरं का मी!" "ऐक की मग! खोटं बोलतेय का मी?" हे आत्याचं ठरलेलं उत्तर. पोटात काही ठेवायचं नाही हा तिचा स्वभाव म्हणा नाहीतर नाइलाज म्हणा. असल्या आवाजात गुपित राहणार तरी कुठे?

गाद्यांच्या कारखान्यात ती फोम कापायच्या टेबलावर होती. तिथला पाळी सुटल्याचा भोंगा एकदा बंद पडला. दुरुस्तीला माणूस काही येईना, कारण खर्च म्हटला की त्या कारखान्याच्या जिवावर यायचं. मग पाळी सुटायच्या वेळी आत्या मधल्या जिन्यावर उभी राहून "सुटली गंऽऽ" अशी आरोळी ठोकायची आणि सगळ्या शेड रिकाम्या व्हायच्या. तेव्हापासून तिचं नावच भोंगा पडलं. पुढं युनियनच्या मोर्चात घोषणा द्यायचं कामही आपसूक तिच्याकडेच आलं.

घोषणा देण्याचं तिचं शास्त्र होतं. "अर्धं मी म्हणणार, अर्धं तुम्ही. माझा शब्द संपतोय तोवर तुमचं उत्तर आलं पाहिजे. विचार करत बसायचं नाही. विचार केला की आवाज पडतो." जेवणाच्या सुट्टीत ती बायकांची तालीम घ्यायची. डबे उघडे, घास तोंडात, आणि ही बया विचारतेय, "पगार कापू देणार?" की लगेच भरल्या तोंडानं, "नाही! नाही! कधीच नाही!" एकीला एकदा जोरात ठसका लागला. आत्या म्हणाली, "ठसका नंतर. आधी उत्तर."

तिची मुलगी, माझी आत्येबहीण, अगदी उलट. बारकी म्हणायचो आम्ही तिला. अंगानं बारीक आणि आवाजानंही. दुकानात काही मागितलं की दुकानदार दोनदा "काय?" म्हणायचा. "घरातला सगळा आवाज मीच संपवला, हिच्या वाट्याला काही उरलंच नाही," असं आत्या म्हणायची आणि बारकी हसायची, तेही बिनआवाजाचं. त्याच कारखान्यात ती मागच्या शेडमध्ये पॅकिंगला होती.

त्या शेडला आग लागली.

फोम पेटला की बघता बघता सगळं कवेत घेतो. पुढच्या बाजूला धूर कोंडला म्हणून पोरी मागच्या दाराकडे धावल्या. मागच्या दाराला बाहेरून कुलूप. चावी कोणाकडे, कोणालाच ठाऊक नाही. मी माझं इस्त्रीचं दुकान तसंच टाकून पळत गेले, तर आत्या त्या दाराला भिडलेली. पत्रा तापला होता, तळहात भाजत होते, तरी सोडत नव्हती. "बारके, आवाज दे! बारके, आवाज दे गं!" आतून हाका येत होत्या. पुष्कळ येत होत्या. त्यातली बारकीची कोणती, ते तिला ओळखता आलं नाही. हे ती आजही सांगते, आणि तेवढं सांगतानाच तिचा आवाज खाली येतो.

कारखान्याचा मालक परदेशी होता. कधीतरी यायचा, नाकाला रुमाल लावून शेडमधून एक फेरी मारायचा आणि जायचा, म्हणून आम्ही त्याला पाहुणा म्हणायचो. इथला कारभार मॅनेजरकडे. आगीनंतर मॅनेजर म्हणाला, कुलूप मालकाच्या हुकमावरून लावलं. पाहुणा तिकडून म्हणाला, मला काही माहीत नाही, हा मॅनेजरचा उद्योग. दोघं एकमेकांवर खापर फोडत बसले. भरपाईची बोलणी करायला माणसं आली की आत्या त्यांना दारातूनच विचारायची, "कुलूप कोणी लावायला सांगितलं? एवढंच बोला. माझ्या तोंडावर बोला." ती माणसं आपले कागद आवरून परत फिरायची.

खटला उभा राहिला, मॅनेजर कोठडीत गेला. आमच्या वकीलबाई मोठ्या खमक्या. दोघांना कोर्टात समोरासमोर उभं करा, ही मागणी त्यांनी लावून धरली, आणि न्यायाधीशांनी पाहुण्याला बोलावणं धाडलं. आणि काय आश्चर्य, तो यायला कबूल झाला! आमच्यावरचं प्रेम उतू चाललं होतं म्हणून नव्हे. तिकडे त्याच्या गाद्यांना कोणी हात लावेना, मेल्याला नाव धुऊन घ्यायचं होतं. म्हणाला, येतो, कुलपाचं काय ते सांगतो, आणि असली इमारत पास कोणी केली, कोणाच्या शब्दावरून केली, तेही सांगतो. आत्या त्या दिवसापासून जेवायला लागली. कोर्टात काय विचारायचं ते भांडी घासता घासता म्हणून बघायची. सगळ्या आळीला पाठ झालं होतं.

पण निघायच्या आधी पाहुण्यानं टीव्हीवर मुलाखत दिली आणि तोंडानं घाण केली. म्हणाला, "तिथले कामगार चोर आहेत. माल पळवतात. चोरांच्या दाराला कुलूप लागणारच."

माझ्या हातातली इस्त्री गिऱ्हाइकाच्या शर्टावर तशीच राहिली. शर्ट जळाला. जळू दे! जी पोर उरलेला दोरासुद्धा परत नेऊन ठेवायची, ती चोर? सगळ्या वस्तीचं डोकं फिरलं. युनियनच्या अध्यक्षानं मोर्चा काढला आणि पुढे आत्या.

"पाहुण्याला येऊ देणार?"

"नाही! नाही! कधीच नाही!"

"इथं पाऊल ठेवू देणार?"

"नाही! नाही! कधीच नाही!"

मीही ओरडत होते, घसा फुटेस्तोवर. वकीलबाई गर्दीत घुसल्या आणि आत्याचा हात ओढून जिवाच्या आकांतानं काहीतरी सांगायला लागल्या. त्या गदारोळात कोणाचं काय ऐकू येणार? आत्याला वाटलं, बाईंना चेव चढलाय. तिनं त्यांच्या हातात एक झेंडा दिला आणि पुढे निघाली.

लगेच मंत्री टीव्हीवर हजर. चेहरा असा, की जणू ह्याच्याच घरचं कोणी गेलंय. "आमच्या भगिनींचा अपमान करणाऱ्या या परदेशी माणसाला देशात प्रवेश नाही. त्याचा व्हिसा रद्द करण्यात आला आहे. जनतेचा आवाज आम्ही ऐकला." मागं आमचा मोर्चा दाखवत होते, आत्याचा चेहरा मोठा करून. वस्तीत मिठाई वाटली. अध्यक्षाला लोकांनी खांद्यावर घेतलं. आत्यानंही एक तुकडा तोंडात टाकला.

तेवढ्यात वकीलबाई आल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. आत्यानं ताटली पुढं केली. "घ्या, तोंड गोड करा."

"ताई, आता तो कोर्टात कसा येणार?"

आत्याचं तोंड चालायचं थांबलं.

"त्याचे वकील म्हणतात, आमचा माणूस निघाला होता, तुमच्याच सरकारनं दार लावलं, आता आमचा काही संबंध नाही. तिकडे बसूनसुद्धा जबाब देणार नाही म्हणतात. आणि मॅनेजरचा वकील म्हणतो, हुकूम देणारा समोर येत नाही, तर हुकूम पाळणाऱ्याला का अडकवून ठेवता? मॅनेजर जामिनावर सुटतोय."

"म्हणजे कुलूप..."

"ते कोणी लावलं हे सांगायची आता कोणावरच पाळी येत नाही."

आत्यानं तोंडातला घास हातावर काढला. "मोर्चात तुम्ही हेच सांगत होतात?"

"हो."

"आणि मी झेंडा दिला."

आत्या हात धुवायला गेली ती किती तरी वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

मला सांगा, ज्याच्यावर खटला चाललाय त्याला "येऊ नकोस" म्हणणं ही काय शिक्षा झाली? चोर आपल्या पायांनी चौकीत आला, आणि पोलिसानं त्याला "चालता हो" म्हणून हाकलून दिला. वर छाती फुगवून विचारतो, कसा हाकलला? शाबास रे पठ्ठ्या! बाहेरचा माणूस वाईट बोलला की त्याला वेशीवर अडवायचं, टाळ्या घ्यायच्या, मोकळं व्हायचं. अरे, बोलला तर बोलू दे! तोंडावर उत्तर द्यायला आम्ही काय मेलो होतो? बारकीची आई त्याला सोडणार होती होय? पण मंत्र्याला आमचा अपमान टोचला असं कोणी समजू नये. पाहुणा इमारत कोणी पास केली ते सांगणार होता, दुखणं ते होतं. आमच्या तोंडाला पानं पुसली, आणि आम्ही वर मिठाई खाल्ली.

आत्या मला घेऊन मंत्र्याच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली, "त्याला येऊ द्या."

"कोणाला?"

"पाहुण्याला."

कारकुनानं तिच्याकडे निरखून बघितलं आणि हसला. "अहो, तुम्हीच ना त्या टीव्हीवरच्या? तुमचाच आवाज ऐकून साहेबांनी बंदी घातली. जनतेचा आवाज असा रोज बदलतो का?"

मी खिडकीच्या फळीवर हात आपटला. "जनता समोर उभी राहून सांगतेय ना, बदललाय म्हणून!"

"एका बाईला जनता म्हणत नाहीत," तो म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली.

वस्तीत वणव्यासारखं पसरलं, भोंगा विकला गेला. ज्या बायका तिच्या शब्दावर घास गिळायचं विसरायच्या, त्या किराणा दुकानाच्या रांगेत तिला बघून तोंड फिरवायला लागल्या. एकीनं मला विचारलं, "काय गं, तुझ्या आत्याला पोरीच्या खुन्याचा पुळका आलाय म्हणे?" मी तिला जे म्हणाले ते इथं सांगण्यासारखं नाही. आणि मॅनेजर? तो आपल्या गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होता. येताजाता दिसायचा.

मग एक दिवस अध्यक्ष दारात. युनियनच्या सभागृहात मंत्र्यांचा सत्कार ठेवलाय म्हणाला. "झालं गेलं विसरा, आत्या. साहेबांची खास इच्छा आहे, ती घोषणा तुमच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकायची."

"लाज वाटते का रे?" मी उठलेच. "चालता हो आधी!"

"किती वाजता यायचं?" आत्यानं विचारलं.

तो गेल्यावर मी आत्यावर घसरले. "वेडबिड लागलंय का तुला? त्या लबाडाच्या सत्काराला नाचणार तू?" ती शांतपणे भांडी विसळत राहिली. शांतपणे म्हणजे तिच्या मानानं.

"आवाज माझा वापरलाय ना त्यांनी?" ती म्हणाली. "मग तो मीच नेऊन दाखवते."

सभागृह खच्चून भरलं होतं. मंत्री मंचावर, मांडीवर फुलांचा गुच्छ. आत्या वर गेली तशी एकानं माइक पुढं केला. तिनं तो हातानं बाजूला सारला. लोक हसले, जुना राग थोडा निवळला. मी मंचाच्या पायरीशीच उभी होते.

"पाहुण्याला येऊ देणार?"

"नाही! नाही! कधीच नाही!" सभागृह दणाणलं. मंत्र्यानं मान डोलावली.

"त्याला कोर्टात उभा करू देणार?"

"नाही! नाही! कधीच नाही!"

अध्यक्षाचं हसू जरा वाकडं झालं. आत्या श्वाससुद्धा घेत नव्हती.

"कुलूप कोणी लावलं, ते कळू देणार?"

"नाही! नाही! कधी..." पुढच्या रांगा सवयीनं ओरडल्या, मागच्या मध्येच अडखळल्या.

"आपल्या पोरींना न्याय मिळू देणार?"

"नाही..."

दोन-चारच आवाज आले. त्यातला एक जिचा होता, तिची मुलगी बारकीच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं आणि ती दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली बसली.

आत्या मंत्र्याकडे वळली. तिचा आवाज खाली आला होता, दाराआडच्या त्या हाकांबद्दल सांगताना येतो तसा.

"तो तर येत नाही. मग तुम्हीच सांगा, साहेब. कुलूप कोणी लावलं?"

मंत्र्यानं घड्याळाकडे बघितलं. शेजारच्या माणसाच्या कानाला लागला. इतक्यात खालून एका बाप्यानं विचारलं, "सांगा की साहेब, कुलूप कोणी लावलं?" मग त्या खाली बसलेल्या बाईनं. मग सगळ्यांनीच, कोणी अर्धं म्हणायला न सांगता. लोक खुर्च्या सरकवून पुढं यायला लागले, पुढची वाट बंद झाली. मंत्री उठला, गुच्छ खुर्चीतच राहिला, आणि तो मंचाच्या पाठीमागच्या दाराकडे सुटला. अंगरक्षकानं दार नुसतं ढकललं. ते लगेच उघडलं, बाहेरचा उजेड आत आला, आणि मंत्री गेला. पाठोपाठ अध्यक्षही पळाला.

आत्या त्या उघड्या दाराकडे बघत राहिली. मग वाकून माझ्या कानात कुजबुजली, आणि ते सगळ्या सभागृहानं ऐकलं.

"बघ गं. मागचं दार उघडतं."