मामाने निवडलेला डॉक्टर

आमचा मामा माणसाच्या डोळ्यांकडे बघून कधी बोलला नाही. तो दातांकडे बघून बोलायचा. समोर तहसीलदार असो की कल्हईवाला, मामाची नजर त्याच्या ओठांवर खिळलेली असायची, आणि समोरच्याने तोंड उघडलं की मामाचा निकाल तयार असायचा. नवखा माणूस मिशीवरून हात फिरवून बघे, काही लागलंय की काय म्हणून. "तोंड खोटं बोलते, दात खोटं बोलत नाई," हे मामाचं ब्रह्मवाक्य होतं. हे वाक्य नुसतं आठवलं तरी आजही माझं डोकं फिरतं. का, ते सांगते.

मामा भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. घरी धानाची शेती होती, पाणी धरणाऱ्या बांध्यांची, पण नाव होतं ते बैलांच्या पारखीसाठी. आसपासच्या गावांतला कोणी बैल घ्यायला निघाला की आधी मामाच्या अंगणात यायचा, "चाल गा भाऊ, जरा बाजारात." मामा बैलाचा खालचा ओठ दोन बोटांनी ओढायचा, एकदा बघायचा आणि वय सांगायचा, दोन दाती, चार दाती की सगळे दात येऊन जुळलेला. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीने घासून तो तरणा म्हणून विकणारे दलाल मामाला लांबूनच ओळखत आणि बैल दुसरीकडे नेऊन बांधत. एका दलालाने वाद घातला, तर मामा भर बाजारात त्याला म्हणाला, "तू बी तोंड उघड, तुही बी उमर सांगतो." सगळे हसले. मामा हसला नाही. हसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, रागावणं होतं. माझ्या नाकावरचा राग त्याच्याकडूनच आला, असं आई म्हणायची.

बैलापुरतं हे सगळं ठीक होतं हो. पण मामाने ही विद्या माणसांना लावली. सालदार गडी ठेवायचा तो दात बघून. स्वतःच्या मुलीला, सुमनला, नवरा बघितला तोही दात बघून. "निरे मोती हायेत तोंडात," म्हणून आणलेल्या त्या जावयाने सुमनला वर्षभरात माहेरी आणून टाकलं, तरी मामा म्हणे, "काहीई म्हना, दात मात्र चांगले होते त्याचे." अशा माणसाचं काय करावं, सांगा!

आता माझे दात. वरचे पुढचे दात बाहेर आलेले आणि एक सुळा हिरडीच्या वर चढून बसलेला. आंधळगावच्या शाळेत पोरं मला फावडी म्हणत. त्यातल्या दोघांच्या डोक्यात मी पाटी हाणली होती. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं मामाच ठरवायचा. मी मॅट्रिक झाले आणि बघायला माणसं येऊ लागली. पहिल्याच पाहुण्यांतला म्हातारा म्हणाला, "पोरीले जरा हासाले सांगा." मी वेडी, हसले. आठवड्याने निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण. दुसरीकडूनही तेच. त्या मुलाचे कान सुपाएवढे होते, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही!

आईने ठरवलं की आठवडी बाजारात दात काढणारा बसतो, त्याच्याकडून पुढचे काढून घ्यायचे. मी घर डोक्यावर घेतलं. ज्या दातांनी मी ऊस सोलत होते ते चांगले धडधाकट दात, कोणाला तरी आवडावं म्हणून उपटायचे? भंडाऱ्याच्या डॉक्टरने मात्र सांगितलं की असे दात काढायचे नसतात, तार बांधून सरकवायचे असतात, आणि तसं करणारे डॉक्टर नागपुरात आहेत. मामाला हे पटेना. "दात का खुटा होय, इथून तिथं सरकवाले?" पण भाचीसाठी तो निघाला. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. डॉक्टर कोणता, हे अर्थातच मामा ठरवणार होता. दात कोणाचे होते, हे विचारू नका.

पहिला दवाखाना एका जिन्यावर होता. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी माझं तोंड नीट तपासलं आणि समजावून सांगितलं, "बाजूची एकेक लहान दाढ काढून जागा करू. मग तारेने पुढचे दात हळूहळू आत येतील. दोन वर्षं लागतील. तोवर पुढच्या दातांना कोणालाही हात लावू देऊ नका." मग त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?" माझ्या दातांबद्दल मला कोणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. मी मनातल्या मनात तिथेच हो म्हटलं. पण बाई हसल्या, आणि त्यांचा खालचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसला. मामा ताडकन उठला.

जिना उतरता उतरता मामा म्हणाला, "सोताच्या बांधीत पानी नाई, अन् दुसऱ्याची बांधी भरून देते म्हनते! जिचा सोताचा दात तिरपा, ते तुहे काय सरळ करीन?"

"मामा, मले हेच डॉक्टर पायजे."

"तुले काय समजते वं? चाल."

दुसऱ्या डॉक्टरची पाटी रस्त्याच्या पलीकडून दिसावी एवढी मोठी होती. हा डॉक्टर पोक्त, गोरापान आणि सारखा हसणारा. दात कसे, तर एका ओळीत, एका मापाचे, पांढरेशुभ्र. मामा बघतच राहिला. बाजारात एखादी खिल्लारी जोडी दिसल्यावर त्याचा चेहरा व्हायचा तसा झाला होता. डॉक्टर म्हणाला, "कशाला दोन वर्षं तारा वागवता? पुढचे चार काढू, नवे बसवू. आठवड्यात मुलगी दाखवायला तयार." मी नको म्हटलं. ओरडून नको म्हटलं. मामाने माझे खांदे खुर्चीला दाबून धरले. "उगी राह्य बेबी. मानसाचे दात पाय ना, मानूस पक्का हाय."

डॉक्टरने पहिला दात काढला आणि ट्रेमध्ये टाकला. मला तो दिसत होता. लांब मुळाचा, कुठे कीड नाही, डाग नाही. मी रडायला लागले, तशी माझी समजूत घालायला म्हणून तो डॉक्टर हसत म्हणाला, "अगं, रडतेस काय? हे बघ!" आणि तोंडात अंगठा घालून त्याने आपली वरची अख्खी कवळी काढून तळहातावर धरली. त्याचे गाल आत गेले. फसफसत्या आवाजात तो मामाला विचारू लागला, "ओळखू आले का तुम्हाला? सांगा, आले का ओळखू?"

कानशीने घासलेला दात लांबून ओळखणारा माझा मामा! मग एकदम त्याने माझ्या गळ्यातलं फडकं ओढलं, मला खुर्चीतून उठवलं आणि दाराकडे निघाला. मागून डॉक्टर ओरडत होता, "अहो, अजून बाकीचे राहिलेत!" मामा वळून गरजला, "राहू दे, च्यामायबीन!"

तोंडात कापसाचा बोळा धरून मी पुन्हा तोच जिना चढले. मामा बाईंसमोर टोपी काढून उभा राहिला. "बाई, दात मीनंच काहाडून आनला. पोरीचा दोष नाई. ते नाईच म्हनत होती." बाईंचा पारा चढला. "सांगितलं होतं ना मी तुम्हाला? तो दात आता मी कुठून आणू? सगळ्यात चांगला दात होता तिचा!" मामाला त्याच्या जन्मात असं कोणी बोललं नव्हतं. बाकीचे रुग्ण ऐकत होते. मामा मान खाली घालून ऐकत राहिला आणि बाईंचं संपल्यावर म्हणाला, "आता तुमी म्हनान तसं."

पुढची दोन वर्षं आम्ही महिन्याच्या महिन्याला नागपूरला गेलो. मी आंधळगावहून निघायचे, मामा शहापूरच्या फाट्यावर बसमध्ये चढायचा. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. कशाला बोलू? तो मात्र दर खेपेला केळी आणायचा, कारण तार घट्ट केल्यावर मला काही चावता येत नसे. केळी मी खायचे, बोलायचे नाही. मामा खिडकीबाहेर बघत बसायचा. कंडक्टर तिकीट द्यायला आला तरी मामा त्याच्या तोंडाकडे बघत नसे. बैलबाजारात जाणंही त्याने सोडलं. माणसं बोलवायला येत, तेव्हा तो दारातूनच सांगे, "मले दात समजत नाई. दुसरा कोनी पाहा." लोक म्हणाले, मामा सठियाला.

तार निघाली. दात आत गेले, सुळा खाली आला, आणि गेलेल्या दाताच्या जागी बाईंनी काढघालीचा एक खोटा दात बसवून दिला. पुन्हा पाहुणे आले. आणि बघा तर खरं, पुन्हा एक म्हातारा म्हणाला, "पोरीले जरा हासाले सांगा."

दाराशी बसलेला मामा उठला. "पयले तुमच्या पोराले उभा करा," तो म्हणाला. "मी ओठ ओढून पायतो, दोन दाती हाय का चार दाती. माही भाची का बाजारात आनली हाय?"

पोह्यांच्या बशा तशाच टाकून पाहुणे उठले. आईने कपाळावर हात मारून घेतला. आणि मला जे हसू फुटलं, ते थांबेना. तोंडावर हात न धरता मी हसत होते. सवयीने मामाची नजर माझ्या दातांवर गेली आणि लगेच जमिनीवर.

"पाय ना मामा आता," मी म्हटलं. दोन वर्षांनी मी त्याच्याशी बोलत होते.

"पायले," तो म्हणाला. "चांगले हायेत. एक माह्या पायी गेला." आणि बैलाला पाणी दाखवायचं निमित्त करून गोठ्याकडे निघून गेला. आमच्या गोठ्यात तेव्हा बैल नव्हता.

पुढे माझं लग्न झालं, मी साकोलीला आले. ज्याच्याशी झालं त्याने हसायला सांगितलं नव्हतं. म्हातारपणी मामाचे सगळे दात पडले. मुलांनी कवळीचा आग्रह धरला, तर त्यांच्यावर काठी उगारली. शेवटपर्यंत वरणात भात कालवून गिळत राहिला, पण खोटा दात तोंडाला लावला नाही.

मला मात्र लावावा लागतो. रोज सकाळी वाटीतून तो दात काढते, धुते, जागेवर बसवते आणि आरशासमोर मामाला एक कचकचीत शिवी घालते. त्याच्या पोटच्या मुलांना तो वर्षातून एकदा, पितृपक्षात आठवतो. मला रोज आठवतो, आणि रोज तेवढाच राग येतो.