एंटर दाबण्याआधी

“ताई, हे गेले,” एवढंच सुनंदा फोनवर म्हणाली. शनिवारची सकाळ होती. समोर ताटात मेथी निवडायला घेतलेली, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा… उद्या रविवार, दिलीपकडे वाचायला जायचंय. सख्खा धाकटा भाऊ गेल्याची बातमी कानात आणि डोक्यात रविवारची वेळ. मन इतकं निर्लज्ज असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. दिलीप चहा पिऊन खुर्चीत बसला आणि बसल्या जागीच गेला. डॉक्टर येईपर्यंत सुनंदा त्याचा हात धरून होती. करण्यासारखं काहीच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य अजून माझ्या मागे लागलेलं आहे.

‘वाचायला’ म्हणजे पोथी नव्हे. दिलीप कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्याने कचेऱ्यांनी टाकून दिलेले जुने लॅपटॉप गोळा करायचा उद्योग सुरू केला. कोथरूडच्या त्याच्या लहानशा फ्लॅटमध्ये सोफ्यावर, कपाटावर, पलंगाखाली लॅपटॉपच लॅपटॉप. “आमच्याकडे बसायचं असेल तर आधी एक मांडीवर घ्यावा लागतो,” असं सुनंदा आल्यागेल्याला सांगायची. त्यांत तो लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी संगणकप्रणाली, घालायचा आणि स्कूटरवर पायाशी पिशवी ठेवून विश्रांतवाडीच्या एका अभ्यासिकेत नेऊन द्यायचा. मेलेला संगणक उठवायचा तर आधी एक पेनड्राइव्ह तयार करावा लागतो, संगणक त्यावरून सुरू होतो. त्यासाठी सगळी प्रणाली त्या पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवायची, आणि आधीचं त्यावर जे असेल ते पुसलं जातं. हे काम दिलीप काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून करायचा. कुठली फाइल घ्यायची आणि कुठल्या ड्राइव्हवर ओतायची, एवढंच त्या ओळीत असतं. तयार प्रोग्राम मिळतात की, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाला, “ते सतरा वेळा विचारतात, नक्की का, नक्की का. आणि माणूस न वाचता हो म्हणतो. ही ओळ काही विचारत नाही. म्हणून आपणच शुद्धीवर राहतो.”

हे तो म्हणाला त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात ते घडलं.

माझे यजमान मूळचे यवतमाळकडचे. पुण्यात सगळं आयुष्य काढलं आणि बोली अशी दडवली की शेजाऱ्यांना पत्ता लागू नये. आजारी पडल्यावर मात्र ती वर आली. शेवटच्या वर्षी दिलीप रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी रेकॉर्डर घेऊन बसायचा आणि हे बोलायचे… गावाकडची शाळा, कापसाच्या गाड्या, आईच्या हातची झुणका-भाकर, सगळं त्या वऱ्हाडीत. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. लग्नाच्या इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. ते गेल्यावर दिलीपने ते सगळं एका पेनड्राइव्हवर भरून मला दिलं. महिनाभर माझ्याने ते ऐकवलं नाही. मग तोच म्हणाला, “दे इकडे, आणखी एक प्रत करून ठेवतो. धोका नको.” रेकॉर्डर त्याने तोवर रिकामा केला होता.

त्याच्या संगणकाला त्या दुपारी दोन पेनड्राइव्ह लागलेले होते, दोन्ही काळे, दोन्ही सारखे. एक माझा, एक अभ्यासिकेचा. संगणक त्यांना नावं देतो, एसडीबी आणि एसडीसी, शेवटच्या अक्षराचा काय तो फरक. दिलीपने ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि चहा करायला गेला. परत आला तेव्हा माझ्या यजमानांच्या जागी लिनक्स होतं.

तो माझ्याकडे आला आणि दारातच उभा राहून त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी एक शब्द बोलले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं असं सुनंदा पुढे म्हणायची. चार महिने मी त्याचा फोन घेतला नाही. राखी पोस्टाने पाठवली, तीही चिठ्ठीशिवाय. त्या काळात तो त्या पेनड्राइव्हमागे हात धुऊन लागला होता. शेवटी नव्या प्रणालीने न व्यापलेल्या टोकाला जेमतेम चाळीस सेकंदांचं बोलणं सापडलं. ते सांगायला तो आला, तेव्हा मी विचारलं, “काय आहे त्यात?” तो चाचरत म्हणाला, “भाऊजींचं एकच वाक्य आहे गं. बाकी मीच बोलतोय.” मी म्हटलं, “तुझं बोलणं मी जन्मभर ऐकत आलेय. राहू दे तुझ्याकडेच.” त्याने मान हलवली आणि पेनड्राइव्ह खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला तो पुन्हा आला. हातात वही. “ताई, एक ओळ वाचून दाखवशील? माझा माझ्यावर भरवसा नाही.” मी तीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली. आमच्याकडे एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, काना-मात्रेसकट, आणि दुसरीने प्रूफ पाहायचं, हे दिलीपला लहानपणापासून ठाऊक. मला त्याचा राग होता, पण वाचून दे म्हटल्यावर नाही म्हणणं जमलं नाही. गेले त्याच्या घरी. “चष्मा पुसलास का?” त्याने विचारलं. पुसला. मग एकेक अक्षर, एकेक तिरपी रेघ मी वाचत गेले आणि तो शेजारच्या, लावलेल्या ड्राइव्हच्या यादीवर बोट ठेवून ताडत गेला. शेवटी म्हणाला, “दाबू?” मी म्हटलं, “दाब.” वहीत त्या ओळीखाली त्याने माझी सही घेतली.

असे सहा वर्षांचे रविवार झाले. त्या दुपारचा विषय आम्ही कधी काढला नाही. एकदा मात्र माझी जीभ घसरली. गुडघा दुखत होता, जिने चढून आले होते, आणि त्याने “दाबू?” विचारल्यावर मी म्हटलं, “दाब की. माझं आता काय जायचंय!” दिलीपने हात मागे घेतला. उठून आत गेला, चहा घेऊन आला, माझ्यासमोर कप ठेवला. त्या दिवशी त्याने एंटर दाबलंच नाही. मला तेव्हाच म्हणता आलं असतं, जाऊ दे रे, झालं ते झालं. माझा राग केव्हाच ओसरला होता. पण ते बोलायला सुरुवात कुठून करायची ते कळेना, आणि मी पुढच्या रविवारी पुन्हा चष्मा पुसून बसले. मला वाटायचं, एवढ्याने त्याला समजत असेल. समजलं होतं का, हे आता कुणाला विचारू…

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी सुनंदाने बोलावलं. टेबलावर लिनक्स घालायचा राहिलेला एक लॅपटॉप होता. अभ्यासिकेच्या बाईंचा दोनदा फोन येऊन गेला होता, बिचाऱ्या काही मागत नव्हत्या, नुसत्या चौकशी करत होत्या. वहीच्या शेवटच्या पानावर दिलीपच्या अक्षरात ओळ लिहिलेली होती. त्या रविवारसाठी. खाली सहीची जागा कोरी.

सुनंदाने इतकी वर्षं पाहून पाहून बरंच उचललं होतं. तिने यादी काढली, ओळ टाइप केली. मी चष्मा पुसून वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. सगळं बरोबर होतं. “झालं का, ताई?” सुनंदाने विचारलं. मी मान हलवली, तिने एंटर दाबलं, पडद्यावर आकडे धावू लागले. इतकं सोपं होतं ते. मी सही केली, आणि मग वही मागे मागे चाळत पहिल्या पानावर गेले.

त्या पानावर त्या दुपारची ओळ होती. चुकलेली, जशीच्या तशी. शेवटचं अक्षर लाल पेन्सिलीने खोडलेलं, खोडायची खूण आम्ही प्रुफात करतो तीच, आणि समासात बरोबर अक्षर. खाली सहीसाठी रेघ मारलेली होती. इतक्या वर्षांत त्याने ते पान माझ्यासमोर कधी उघडलं नाही. मी सही करायला पेन टेकवलं आणि परत उचललं. आता मी सही केली काय आणि न केली काय, ती पाहणार कोण?

सुनंदाने खण उघडून काळा पेनड्राइव्ह काढला. वर चिकटवलेल्या कागदावर दिलीपने लिहिलं होतं, ‘ताईला वाटेल तेव्हा’.

“तू ऐकलंयस?” मी विचारलं.

“एकदा. हे त्यांना विचारतात, भाऊजी, पाणी देऊ का, उशी नीट करू का, दमलात का. करत राहतात आपलं. आणि शेवटी भाऊजी वऱ्हाडीत म्हणतात, ‘काऊन बे, बस ना थोडा अजून.’ एवढंच आहे.”

जे मी नको म्हटलं होतं ते हे. दिलीपचंच बोलणं फार आहे म्हणून.

सुनंदाने पेनड्राइव्ह संगणकाजवळ नेला आणि माझ्याकडे पाहिलं. “लावू?”

सहा वर्षं, दर रविवारी, याच खुर्चीत बसून मी ‘दाब’ म्हणत आले होते. त्या दिवशी चष्मा काढून ठेवला. मी नुसती रडत राहिले. सुनंदाने तो पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये ठेवला आणि चहा टाकायला गेली.

तो आता माझ्याकडे आहे, लाल पेन्सिलींच्या डब्यात. माझ्या घरी संगणक नाही. कधी काही लावायचं, पाहायचं, ऐकायचं झालं तर मी दिलीपला फोन करायची. रविवारी दहा वाजले की अजून चष्मा पुसला जातो. पुसते, डोळ्यांवर ठेवते, आणि डबा समोर घेऊन बसून राहते.