अण्णांचं ‘चालंल’

माझ्या गॅरेजात काढलेल्या लिंक रॉडचा एक पत्र्याचा डबा आहे. महिन्यातून एकदा भंगारवाला येतो आणि डबा रिकामा होतो. किस्से मात्र तो नेत नाही! ते साठतच जातात, आणि माझ्या बहुतेक किश्श्यांत शेवटी दहिवलीची सुनंदा जिंकते. सांगताना अजून पोटात जळतं. पण सांगतो.

लिंक रॉड म्हणजे वीतभर दांडी. वळणावर गाडी कलू नये म्हणून खाली एक आडवा बार असतो, तो या दांड्यांनी दोन्ही चाकांशी जोडलेला असतो. दांडी झिजली की बारीक खड्ड्यातसुद्धा खट-खट! हे मला अण्णांनी शिकवलं. बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. गुडघे गेले तसे अण्णा घरी बसले आणि दहिवलीचं गॅरेज गेलं त्यांच्या मुलीकडे, सुनंदाकडे. मी कर्जतला खालापूरच्या रस्त्यावर माझं शटर उघडलं.

गॅरेजचं एक वेळ सोडा हो. अण्णांची मोठ्यातली मोठी शाबासकी म्हणजे एकच शब्द, ‘चालंल’. तो मला बारा वर्षांत एकदाही मिळाला नाही. माझं काम बघून म्हणायचे, “बघू.” आणि सुनंदाला रोज मिळत असणार! लेक ना!

*

पळसदरीचे एक गुरुजी गाडी घेऊन आले. पुढून खट-खट. मी छातीठोक सांगितलं, “शॉकअप गेले!” दोन्ही बदलले. आवाज तस्सा!

गुरुजी गेले दहिवलीला. सुनंदानं म्हणे पानासुद्धा घेतला नाही. चाकामागे हात घातला, लिंक रॉड धरून हलवला आणि म्हणाली, “काका, हे बघा, डुलतंय.” अर्ध्या तासात गाडी गप्प.

तिथंच थांबावं की नाही? गुरुजी पेढे घेऊन माझ्याकडे आले! “अनंता, आवाज गेला रे!”

पेढा खाल्ला. कडू लागला.

*

मग मीही लिंक रॉडच्या मागे लागलो. एका गाडीचं एक चाक जॅकवर उचललं, जुना रॉड कापून काढला. नवा काही केल्या भोकात बसेना! पहार लावली, हातोडा घातला, बारवर उभा राहिलो. घामानं निथळलो.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, “आवो, दुसरं चाक पण उचला की. एकच उचललं की बार पिळतो, सुनंदा सांगत होती.”

दुसरं चाक उचललं. रॉड दोन बोटांनी आत गेला!

रागानं मी जेवलो नाही. म्हणजे, चार वाजेपर्यंत.

*

शेवटी हेर पाठवायचं ठरवलं. माझा मेहुणा गणेश त्याची गाडी घेऊन दहिवलीला गेला. “सगळं नीट बघून ये,” म्हटलं.

संध्याकाळी आला तो हसतच. “दाजी, काय काम हाय तिचं! एक नंबर! आता आपली गाडी तिकडंच.”

घरचं गिऱ्हाईकही गेलं!

*

मी पेटलो. मोठा बोर्ड रंगवून घेतला, ‘अण्णांच्या हाताखाली बारा वर्षांचा अनुभव’. दुसऱ्याच दिवशी मुंबईची एक गाडी थांबली. साहेबांनी काच खाली केली, बोर्ड सावकाश वाचला.

“व्वा! मग अण्णांचं गॅरेज कुठे आहे?”

दहिवलीचा रस्ता मीच दाखवला! करणार काय?

*

आणि एका सकाळी अण्णांची जुनी जीप माझ्या दारात. आत एकटे अण्णा! उतरताच म्हणाले, “साबण दे रं.” मी नवा साबण काढून दिला. त्यांनी मोरीवर हात धुतले आणि स्टुलावर बसले. “पुढून खट-खट करतीय. बघ.”

सुनंदा असताना अण्णा माझ्याकडे!

खाली शिरलो, तर डावीकडच्या लिंक रॉडचा नट ढिला! सुनंदाचा नट ढिला! खोटं कशाला बोलू, गाडीखाली पडल्या पडल्या मला हसू फुटलं.

पण काम जीव ओतून केलं. दोन्ही चाकं उचलली. दोन्ही रॉड काढून तपासले. बारचे रबर बुश नवे घातले, नट कसून आवळले. मग अण्णांच्या पद्धतीनं ट्रायल, पळसदरीच्या खड्ड्यांतून; चालवायला अण्णा, शेजारी मी. काचा बंद, पंखा बंद, तोंड बंद.

आवाज नाही.

परत आलो. अण्णांनी जीप बंद केली. समोर बघतच म्हणाले, “चालंल.”

त्या दिवशी गुरुजी भेटले असते तर मीच पेढे दिले असते!

दोन दिवसांनी सुनंदा आली. डोळे लाल.

“दादा, माझा नट ढिला होता म्हणं?”

“होता,” मी म्हटलं. मजा येत होती, खरंच येत होती.

“आदल्या दिवशीच मी स्वतः आवळला होता, दादा! दोनदा तपासला.” ती स्टुलावर बसली. “आणि तुम्हाला अण्णा ‘चालंल’ म्हणाले?”

“म्हणाले.”

“मला आजवर एकदाही नाय म्हणाले. ‘बघू’ म्हणतात.”

पाणी आणायला म्हणून उठलो. मोरीवर परवा अण्णांना काढून दिलेला साबण तसाच पडला होता, वर त्यांच्या बोटांचं काळं ग्रीस वाळलेलं. जीपला मी हात लावायच्या आधीच धुतले होते त्यांनी हात.

साबण धुऊन ठेवला आणि बाहेर येऊन म्हटलं, “सुनंदा, चहा घेतेस?”