थोडंसं दुखतंय

“अपेंडिक्स है. फूटने को आया है. ऑपरेशन आज ही करना पड़ेगा,” डॉक्टर म्हणाले. भेटीला आलेले माझे यजमान पेजेचा डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. “काल तर तू एकदम ठीक होती ना?” एवढंच ते मला म्हणाले.

अपेंडिक्स म्हणजे आतड्याला असलेली करंगळीएवढी शेपटी. तिला सूज येऊन ती फुटली, तर विष पोटभर पसरतं. आदल्या दिवशी ह्याच डॉक्टरांनी हेच पोट दाबून ‘गैस है’ असं सांगितलं होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर उपयोगी पडावं, म्हणून हे कसं झालं ते लिहिते.

स्वातंत्र्यानंतर संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं होतं. आम्ही मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचे, पण बाजारात आपले ‘दक्षिणी’च. दक्षिणी माणूस हिशोबी, दक्षिणी बाई सोशिक, असं लोक तोंडावर म्हणत. त्यातलं दुसरं आम्हाला आवडायचं.

दुखणं आधी बेंबीभोवती होतं, मग उजवीकडे खाली सरकलं. उलट्या झाल्या, अंगात कसकस भरली. टांग्यातून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “दर्द है?” मी म्हटलं, “थोडासा.” आमच्याकडे दुखणं निम्मंच सांगायची रीत.

“दक्षिणी बाइयाँ बड़ी सहनशील होती हैं,” ते नर्सला म्हणाले आणि गुलाबी मिक्स्चर लिहून पुढे गेले. मला इतकं बरं वाटलं, की कळ गिळून मी हसलेसुद्धा.

शेजारच्या खाटेवर ईश्वरीबाई होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली. नवरा फ्रीगंजच्या बाजारात हातगाडीवर कापड विकायचा. तिची कळ कंबरेतून उठून जांघेत उतरायची आणि ती सगळा वॉर्ड डोक्यावर घ्यायची. कळ थांबली की उठून बसायची, वेणी घालायची, मला ‘अदी’ म्हणजे ताई म्हणून गप्पा मारायची. नर्स म्हणे, “ये सिंधी औरतें नाटक बहुत करती हैं.” मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला हुडहुडी भरली. पाय पोटाशी घेतले की जरा बरं, सरळ केले की डोळ्यांपुढे अंधारी. ईश्वरीबाईने माझा चेहरा पाहिला आणि हाक मारली, “सिस्टर, इसको देखो, ये मर जाएगी.”

नर्स दारातूनच म्हणाली, “तुम चुप रहो. वो तो कुछ बोल नहीं रही.”

ईश्वरीबाई माझ्यावर वाकली. “अदी, मेरा चिल्लाना कोई नहीं सुनता. तू चिल्ला.”

मला ते जमेना. बाळंतपणातही मी दातांत पदर धरून पडले होते. भेटीच्या वेळी ओळखीची मंडळी येतील, काय म्हणतील, हे त्या तापातही मनात आलंच. शेवटी तिचा हात घट्ट धरला आणि ओरडले. नर्स धावत आली, तिच्यामागे बाहेरचे रोगी तसेच सोडून डॉक्टर आले.

ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आप चिल्लाईं, तब मैं समझा.”

अंगात थोडी ताकद आल्यावर मी त्यांना हळूच सांगितलं, “इस बाई का दर्द भी सच्चा है. कमर से उठता है, नीचे उतरता है.” त्यांनी लगेच एक्स-रे काढायला लावला. मूतखडा निघाला, म्हणजे लघवीच्या वाटेत अडकलेला खडा. तो हलला की जीव जातो की काय असं होतं, थांबला की माणूस धडधाकट. हेच ती इतके दिवस ओरडून सांगत होती, आणि ऐकलं गेलं ते माझं. मला आनंद व्हायला हवा होता, पण भयंकर राग आला.

मी आज आहे ती ईश्वरीबाईमुळे. म्हणून सांगते, डॉक्टर विचारतील तेव्हा दुखणं पुरतं सांगा. कौतुकाला भुलू नका. आणि शेजारची ओरडत असेल, तर तिला नेमकं कुठे दुखतंय ते विचारा.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी पहिला टाका ओढला आणि सवयीने विचारलं, “दर्द है?” माझ्या जिभेवर ‘थोडासा’ आलंच होतं. शेजारून ईश्वरीबाई बघत होती.

“हाँ डॉक्टर साहब,” मी म्हटलं, “बहुत दुखता है.”

त्यांचा हात थांबला. बाकीचे टाके त्यांनी हळू काढले.