अर्धा, पाऊण आणि आमचे हे

आमच्या ह्यांना भांडण सहन होत नाही आणि मिटवताही येत नाही. ठाण्याच्या शाळेत गणित शिकवतात ना! दोघं भांडताना दिसले की हे मधला अपूर्णांक काढायला बसलेच. एकदा अंगणातल्या वाळवणावरून शेजारणींचं वाजलं. एकीला अर्धं अंगण हवं, दुसरी तिसऱ्या हिश्शाच्या वर द्यायला तयार नाही. हे खडू घेऊन गेले आणि दोन पंचमांश आखून आले. दोघींनी एक होऊन ह्यांनाच हाकललं.

तेव्हा त्रेपन्नच्या दसऱ्याला माझे वडील, दादा, कल्याणहून जेवायला येणार म्हटल्यावर मी ह्यांना आधीच बजावलं, आज मधे पडायचं नाही. आमच्या लेकीच्या, रतनच्या, बारशाला सासूबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे सगळंच मेलं अळणी." दादा भरल्या ताटावरून उठले ते पाच वर्षं फिरकले नाहीत. आता कुठे येत होते.

चक्का होता शेरभर. मी म्हटलं, साखर अर्धा शेर, दादांना फार गोड चालत नाही. सासूबाई म्हणाल्या, "दसऱ्याचं श्रीखंड आहे, औषध नव्हे! पाऊण शेर."

झालं! हे पाटी घेऊन स्वयंपाकघरात. "थांबा, कोणी साखरेला हात लावायचा नाही. अर्धा आणि पाऊण. वरचे वरच्यांत मिळवा, एक नि तीन चार. खालचे खालच्यांत, दोन नि चार सहा. चार षष्ठांश, म्हणजे दोन तृतीयांश!"

"म्हणजे माझ्या पाउणाचं नाक कापलंस," सासूबाई म्हणाल्या.

"मग त्याच्या आणि पाउणाच्या मधला काढू. पाच सप्तमांश!"

"आणि मी काय घरातली मोलकरीण?" मी म्हटलं.

"मग आधीच्या नि ह्याच्या मधला. सात दशांश! अगं, कितीही काढ, मधे जागा उरतेच!" आनंदाने ह्यांचे डोळे चमकत होते. मला मात्र रडू फुटायची वेळ आली होती.

एवढ्यात दादा आले. पाटावर बसले, ताट वाढलं, श्रीखंडाची वाटी रिकामी. "काय अडलंय?" त्यांनी विचारलं. ह्यांनी उत्साहाने सगळं सांगितलं.

दादांचा जन्म धान्याच्या वखारीत गेलेला. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? अर्धा शेर म्हणजे आठ छटाक, पाऊण म्हणजे बारा. मधे दहा. घाला दहा छटाक."

"म्हणजे पाच अष्टमांश! तोही मधलाच आहे," हे म्हणाले. "पण माझा दोन तृतीयांशही मधलाच."

"माझं माप खोटं म्हणता?"

"छे छे! दोघांचंही खरं. आता तुमच्या-माझ्या मधला काढू. पाच नि दोन सात, आठ नि तीन अकरा. अकरा भागांतले सात!"

"अकरावा भाग कोणत्या छटाकाने मोजू मी? जेवायला बोलावून थट्टा करता?" दादा तांबडेलाल झाले आणि पाटावरून उठले.

माझा तोल सुटला. "बसा!" मी ओरडले. बापाला असं कोणी ओरडत नाही, पण मी ओरडले. "मागं उठलात तेव्हा रतन पाळण्यात होती, आता ती अंगणात धावतेय. तुम्हाला माप महत्त्वाचं की मी?" आणि साखरेचा डबा उचलून चक्क्यात उपडा करू लागले.

सासूबाई पुढे आल्या. मला वाटलं, हात धरणार. त्या म्हणाल्या, "ओत गं. बास म्हणेन तेव्हा थांब." मग दादांकडे वळल्या. "व्याहीबुवा, बारशाला माझी जीभ घसरली. बसा."

दादा बसले. आम्ही दोघींनी भराभरा घोटलं आणि वाढलं. दादांनी बोट चाटलं. "झकास!"

"पण प्रमाण नक्की किती पडलं?" ह्यांनी विचारलं.

"गप्प बस!" सासूबाई म्हणाल्या. "गप्प बसा!" दादा आणि मी एका सुरात म्हणालो.

जेवण झाल्यावर दादा चपला शोधतील म्हणून मी दार अडवून उभी होते. ते ओसरीवर ह्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "ते अकराचं परत सांगा, जावईबापू. मधे जागा उरतेच, असं म्हणालात ना? कुठवर उरते?"

ह्यांनी पाटी पुसली. सासूबाई दाराशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "हे काही आज संपत नाही. व्याहीबुवांचं अंथरूण काढून ठेव."

मी डोळे पुसले आणि त्यांच्यासाठी नवी सतरंजी काढली.