कादंबरीतली बाई रडते, माझी आई रडली नव्हती

बायांनो, आज दुपारी सोसायटीच्या वाचन मंडळात मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि पस्तावले.

मी शिकले तिसरीपर्यंत. पण नात पुस्तकं आणायला लागल्यापासून असा नाद लागलाय, की परवा रहस्यकथेपायी भाजी करपली. खून पहिल्या पानावर, खुनी शेवटच्या. लई आवडली! सुनेला म्हणलं, खा आज करपलेलं.

आजची कादंबरी मात्र नावाजलेली. एकोणीसशे पन्नासनंतर आपल्या पिंपरीकडं कारखान्यांना जमिनी गेल्या, त्यावर. त्यातली शेतकरीण बांधावर बसून चार पानं नुसती रडते. मंडळातल्या बाया डोळे पुसत होत्या.

मी म्हणाले, "आमची जमीन तवाच गेली. मी सात वर्षांची होते. माझी आय रडली न्हाई. मोजणीवाल्यांनी रानात ठोकलेल्या खुंट्या तिनं तीनदा उपटल्या, चुलीत घातल्या आन् त्यावर भाकरी भाजून आमाला वाढल्या."

मंडळ चालवणाऱ्या बाई गोड हसल्या. "छान आठवण हो आजी. पण कादंबरीत ते शोभलं नसतं. वाचकाला दुःख भिडायला हवं ना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहा न घेता उठले.

घरी येऊन ती चार पानं परत वाचली. भाषा चांगली हाय, खोटं कशाला बोलू? पण आता या बायांना आमच्याकडची शेतकरीण म्हणलं की ती रडणारीच दिसणार.

खुंट्या उपटणारी कुठल्या पुस्तकात हाय का? असली तर पुस्तकाचं नाव कळवा. मी जिती हाय तवर वाचीन.