हाडातली तांदळाची कणी

आता तुमी इचारताय म्हून सांगतो, पन चहाचा घोट आदी गिळून घ्या. मागनं ठसका लागला तर माझ्या नावानं बोंब नगं. जित्तेपनी सोताच्याच मरनाचा दुखवटा घेतलेला मानूस बघितलाय का कवा? बघा मग, म्होरं बसलाय!

आमी हिर्डोशीचे. तवा भोरला संस्थान व्हतं, यष्टीचं नावबी कुनी ऐकलं नव्हतं. नाचनी काढताना म्या बांधावरनं घसरलो आन पाय मुरगाळला. घोटा आसा फुगला की पायाला भोपळाच लागलाय जनू! माझ्या बायकोनं, कोंडाबाईनं, हळदीचा लेप घातला, शेक दिला. उतार पडंना. मग बैलगाडीत पडून भोरच्या डाक्टरकडं गेलो.

डाक्टर म्हनले, "हाड मोडलंय का ते बघायला हवं. पुण्याला जाऊन फोटो काढून आणा."

हाडाचा फोटू! आता सांगा, सोताचं हाड कुनी बघितलंय? पाय ठनकतोय ते म्या इसरलोच. आत काय आसंल, कसं आसंल, ह्येच डोस्क्यात.

मोटारीनं पुण्याला गेलो, फोटू घिऊन परत भोरला आलो. डाक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"हाड शाबूत आहे."

म्या खूश! पन त्यांनी चष्मा पुसला आन पुन्यांदा बघितलं. "नडगीच्या हाडात हा पांढरा ठिपका दिसतोय का?"

दिसला की! तांदळाच्या कणीएवढा, पांढराफेक.

"ह्येचं काय करायचं, साहेब?"

"काही करायचं नाही."

"वखद?"

"औषध नाही, पथ्य नाही. घरी जा, हवं ते खा."

"मग ह्यो ठिपका जानार कवा?"

"तो आता तुमच्याबरोबरच जाणार!" डाक्टर हसले आन त्यांनी दुसऱ्याला आत बोलावलं.

वखद न्हाई, पथ्य न्हाई, हवं ते खा! तुमीच सांगा, आसं कुनाला सांगत्यात? आमच्या चुलत्याला वैद्यानं ह्येच सांगितलं, आन आठवड्यात त्यो गेला!

घरी आलो, बाजंवर टेकलो.

"कोंडे, म्या चाललो."

"आत्ता तर आलात. आनी कुठं?"

"वर."

तिनं हंबरडा फोडला आन सारी आळी गोळा झाली. पन गंमत आयका. फोटू बघितला आन रडं राहिलं बाजूला! एकेकजन त्यो उनात धरून बघाया लागला. "ह्यो गुडगा व्हय?" "आरं, उलटा धरलाय तू!" एक म्हातारी म्हनली, "बाळपनी तांदूळ लई खायचा ह्यो. त्यातलीच कणी आडकली आसंल." म्याबी रोज सकाळी उनात बसून बघायचो. येवढीशी कणी, आन येवढा मानूस नेती?

मग हवं ते खायाला सुरू झालं. कुनी कोंबडी आनली, कुनी खीर. बांधावरनं भांडून बोलनं टाकलेला माझा थोरला भाऊबी आला. फोटू बघून त्येचं डोळं भरलं.

"सखा, त्यो बांध तुझाच हाय रं."

"न्हाई दादा, तुझाच! म्या काय बरूबर न्यायचाय?"

"तुझा म्हनलं ना!"

"तुझा म्हंजे तुझा!"

हे आसं वाढत गेलं की शेवटाला एकमेकाची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. मग गळ्यात पडून रडलो दोगंबी.

इकडं घोट्याची सूज उतरली, गाल वर आले. कोंडाबाई सारं बघत व्हती. येक दिस म्या वाडगं म्होरं केलं तशी ती पळी आपटून म्हनली, "मरनारा मानूस तिसऱ्यांदा रस्सा मागत न्हाई. उठा! चला भोरला."

डाक्टरांना म्या हात जोडून इचारलं, "साहेब, किती दिस ऱ्हायल्यात?"

"कसले?"

सारं आयकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, हाड बाहेरून घट्ट असतं आणि आतून जाळीदार. त्या जाळीत घट्ट हाडाचा एक कण राहून गेलाय. नदीत बेट असतं ना, तसा. दुखत नाही, खुपत नाही. पाय मुरगळला नसता तर तुम्हाला जन्मात कळलंही नसतं!"

"मग माझ्याबरूबर जानार म्हनलात त्ये?"

"शंभराव्या वर्षी गेलात तरी बरोबरच जाणार ना? हाड काय मागं ठेवून जाणार?"

कोंडाबाई पदर सावरून म्होरं झाली. "म्हंजे माझ्याबी हाडात आसंल?"

"असेल की. माझ्याही असेल. फोटो काढल्याशिवाय कळणार कुणाला?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग डाक्टरांकडं.

"डोस्क्याचा निघतो का वो फोटू?"

"निघतो. पण त्यात नुसती कवटी दिसते. मेंदू दिसत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," कोंडाबाई म्हनली. "ह्यांचा बिगर फोटूचाबी दिसत न्हाई."